मदत हवी आहे: अँडी रझाफच्या गाण्यांच्या तबकड्या कोणत्या क्रमाने ऐकवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आमच्या सांगलीतल्या श्रवणगटाची पुढची बैठक माझ्याकडे आहे आणि मी विषय घेतलाय अमेरिकन गीतकार अँडी रझाफ. दीड-दोन तासांत फार तर पंधरा गाणी होतील. निवड आणि क्रम, दोन्हींसाठी जाणकारांची मदत हवी आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. जन्म १८९५, वॉशिंग्टन. खरं आडनाव राझाफिंकेरिएफो. वडील मादागास्करच्या राजघराण्यातले, फ्रेंच आक्रमणात गेले. आईचे वडील जॉन वॉलर मादागास्करमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. मुलगा वाढला न्यूयॉर्कमध्ये. शाळा अर्धवट सोडून लिफ्टमनची नोकरी धरली आणि १९१३ मध्ये त्याचं पहिलं गाणं रंगमंचावर आलंसुद्धा. पुढे फॅट्स वॉलर, युबी ब्लेक, जेम्स पी. जॉन्सन, डॉन रेडमन अशा एकाहून एक संगीतकारांसाठी त्याने लिहिलं. ‘एन्ट मिसबिहेविन’, ‘हनीसकल रोझ’, ‘मेमरीज ऑफ यू’ ही गाणी त्याची.

अडचण अशी की गीतकाराची बैठक म्हटली की शब्द ऐकू यायला हवेत, आणि या गाण्यांच्या गाजलेल्या तबकड्यांत नेमके शब्दच नसतात. फॅट्स वॉलरची १९२९ ची ‘एन्ट मिसबिहेविन’ घ्या. नुसता पियानो आहे. वाजवलाय अप्रतिम, पण रझाफ त्यात कुठेच नाही. ‘इन द मूड’चंही तेच. त्यावर रझाफने शब्द लिहिले होते, पण जगाने ऐकली ती ग्लेन मिलरच्या बँडची शब्दांविना धून.

दुसरी अडचण ‘व्हर्स’ची. त्या काळच्या गाण्याला मुख्य चालीआधी एक प्रस्तावनेचा तुकडा असायचा, रंगमंचावरचा प्रसंग समजावणारा. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं बसत, त्यामुळे तोच भाग आधी कापला जाई. बहुतेक गाण्यांत त्याने फार बिघडत नाही. ‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये मात्र सगळं गाणंच बदलतं.

हे गाणं १९२९ च्या ‘हॉट चॉकलेट्स’ या रंगमंचीय कार्यक्रमातलं. रझाफने पुढे सांगितलेली हकिगत अशी की कार्यक्रमात पैसा गुंतवणारा गुंड डच शुल्ट्झ याला काळ्या बाईच्या रंगावर एक विनोदी गाणं हवं होतं. रझाफ नाही म्हणाला, तेव्हा त्याने पिस्तूल काढलं. रझाफने गाणं लिहून दिलं. व्हर्समध्ये एक काळी बाई तक्रार करते की पुरुषांना उजळ रंगाच्याच बायका आवडतात. इथपर्यंत प्रेक्षक हसले. पुढच्या ओळींत मात्र ती विचारते, माझा एकच गुन्हा, माझी कातडी, मग माझं असं का? इथे हसणं थांबलं आणि शेवटी लोक उभे राहिले. रंगमंचावर हे गाणं एडिथ विल्सन गायची.

जॅझ गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगने त्याच वर्षी जुलैमध्ये ओके कंपनीसाठी हे गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा व्हर्स गाळला. एका बाईचं गाऱ्हाणं अख्ख्या समाजाचं झालं. गायिका एथेल वॉटर्सच्या १९३० च्या तबकडीत व्हर्स आहे. मला दोन्ही लागोपाठ लावायच्या आहेत, पण आधी कोणती?

बाकी यादीत सध्या बेसी स्मिथचं ‘किचन मॅन’ (१९२९) आणि फॅट्स वॉलरच्या स्वतःच्या आवाजातलं ‘हनीसकल रोझ’ (१९३४) आहे. ‘किचन मॅन’ द्व्यर्थी आहे. आमच्यात बरीच ज्येष्ठ मंडळी असतात. लावावं की नाही?

प्रतिसाद: मंद्रसप्तक

ताई, विषय फार छान घेतलात. गीतकारावर बैठक क्वचितच होते.

‘किचन मॅन’ बिनधास्त लावा. बैठकीची लावणी ऐकलेल्या ज्येष्ठांना त्यातली मजा तुमच्या-माझ्याआधी कळेल. एडी लँगची गिटारही नीट ऐका आणि ऐकवा, बेसीच्या प्रत्येक ओळीला ती उत्तर देते. या प्रकारची गाणी गाळलीत तर रझाफ अर्धाच कळेल. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या क्लबांमध्ये त्याचं पोट अशा गाण्यांवर चालत होतं, आणि शब्दांची कारागिरी त्यातही तेवढीच कसून केलेली आहे.

‘मेमरीज ऑफ यू’ आर्मस्ट्राँगचंच घ्या, १९३० चं. त्यात लायोनेल हॅम्प्टनने व्हायब्राफोन वाजवलाय. जॅझच्या तबकडीवर हे वाद्य तेव्हा अगदी नवं होतं.

‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये एथेल वॉटर्स आधी लावा. व्हर्स कानावर पडल्याशिवाय आर्मस्ट्राँगने काय गाळलं हे कळायचं कसं?

शोधासाठी एक सूचना. गायकाच्या नावाने शोधू नका. तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत नुसती आडनावं असतात, ‘वॉलर-ब्रुक्स-रझाफ’ अशी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची आंतरजालावर ठेवली आहे. तिथे गीतकाराच्या नावाने शोधता येतं आणि कोणत्या तारखेला कोणी गायलं तेही समोर येतं.

प्रतिसाद: निशिगंध

क्रमाबद्दल मी असहमत. आर्मस्ट्राँग आधी लावा. हे गाणं जगभर पोचलं ते त्याच्या आवाजात. १९५६ मध्ये आजच्या घानातल्या अक्रा शहरात तिथले नेते एन्क्रुमा यांच्यासमोरही त्याने हेच गायलं. लोकांना आधी ते भिडू दे. मग एथेल वॉटर्स लावलीत की कळेल, हे मुळात एका बाईने एकटीने म्हणायचं गाणं होतं. तो धक्का मोठा आहे. उलट क्रमाने नुसती तुलना होईल.

प्रतिसाद: धागाकर्ती

काका, ‘किचन मॅन’ नक्की झालं. सूचीही उघडून बसले आहे, सोन्याची खाण आहे.

निशिगंध, तुमचं म्हणणं पटलं. आर्मस्ट्राँग आधी, मग शुल्ट्झची हकिगत सांगेन, मग एथेल वॉटर्स. हकिगत मध्ये ठेवली की व्हर्स ऐकताना थिएटरातलं ते हसणं कुठे थांबलं असेल ते ज्याचं त्याला जाणवेल.

आता एकच राहिलं. एथेल वॉटर्सची जी प्रत मला मिळाली आहे तिच्यात खरखर काढताना आवाजाची धारही गेली आहे, ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येतात. शब्दांचीच बैठक असल्याने हे चालणार नाही. मूळ तबकडीवरून फारशी सफाई न करता उतरवलेली प्रत कोणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खरखर असली तरी चालेल.