भूसंपादन: कलम ११ नंतरचं वर्ष कुठे जातं?

प्रश्न: पाझर तलावासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन चालू आहे. कलम ११ ची (जमीन घ्यायची आहे हे कळवणारी प्राथमिक) अधिसूचना निघून सात महिने झाले, कलम १९ ची (संपादन पक्कं करणारी) घोषणा नाही. बारा महिने उलटले तर काय?

उत्तर १: अधिसूचना रद्द समजली जाते, पुन्हा कलम ११ पासून सुरुवात. बाजारभाव कलम ११ च्या तारखेचा धरतात, त्यामुळे मूल्यांकनही नव्याने करावं लागतं. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ यातून वगळतात. शासन मुदत वाढवू शकतं, पण कारणं लेखी नोंदवून. फाईल अकराव्या महिन्यात वर पाठवली तर उपयोग नाही, आताच पाठवा.

उत्तर २: वेळेची खरी गळती मोजणीत आहे. हरकतींचे ६० दिवस सगळे धरून चालतात, पण जमिनीचे अभिलेख दोन महिन्यांत अद्ययावत करायचे असतात हे राहून जातं. सातबाऱ्यावर मयत खातेदार, वारसनोंद प्रलंबित, पोटहिस्सा जागेवर वेगळा. मग संयुक्त मोजणीचं क्षेत्र अधिसूचनेशी जुळत नाही आणि शुद्धिपत्रक काढावं लागतं. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडून गावातच शिबिर लावून घ्या, मोजणी फी आधी भरा.

उत्तर ३: पैशाचंही बघा. संपादन संस्थेने (जिच्यासाठी जमीन घेतली जाते तिने) ठरलेली रक्कम जमा केल्याशिवाय कलम १९ ची घोषणा करता येत नाही. तरतूद मार्चअखेर येणार असेल तर तुमची तारीख त्याआधी संपते का, हे आजच तपासा. घोषणेनंतर निवाड्याला (भरपाई ठरवणाऱ्या आदेशाला) पुन्हा बारा महिनेच आहेत.