मदत हवी आहे: पिरोटन बेटावर भाड्याच्या होडीने एका दिवसाची सहल, तारीख कशी ठरवावी?

सर्व सभासदांस नमस्कार.

आम्ही अमळनेरचे. मी, पत्नी, धाकटा भाऊ, भावजय, दोन्ही घरची मिळून चार मुले आणि सत्तरीची आई अशा नऊ जणांना येत्या हिवाळ्यात जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर एका दिवसासाठी जाऊन यायचे आहे. हा बेत आम्ही दुसऱ्यांदा आखत आहोत. पहिला कसा फसला ते आधी सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघालेला आहे.

गेल्या दिवाळीत एका सहल एजंटाने आगाऊ रक्कम घेऊन भाऊबीजेच्या सकाळी आठ वाजताची होडी ठरवून दिली होती. आम्ही सुरतमार्गे रेल्वेने जामनगर गाठले आणि सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच धक्क्यावर हजर झालो, तर समोर पाणीच नव्हते. नजर पोहोचेल तिथवर राखाडी गाळ, त्यात खेकड्यांची बोटभर भोके, आणि आमची होडी त्या गाळात एका कुशीवर कलंडलेली. तिच्या सावलीत बसून खलाशी बशीतून चहा पीत होता. आईने पदर डोक्यावर सारखा केला आणि मला विचारले, "आरे नाना, समिंदर कथा गया?" खलाशाने शांतपणे सांगितले की पाणी दुपारी अडीचच्या सुमारास येईल, तेव्हा निघता येईल आणि परतणे त्यापुढच्या भरतीला, म्हणजे रात्री तीनच्या आसपास होईल. लहान मुले आणि आई सोबत असताना ते शक्य नव्हते, म्हणून आम्ही तिथूनच माघारी फिरलो. आगाऊ रक्कम अद्याप परत मिळालेली नाही, पण तो या धाग्याचा विषय नव्हे.

आम्हा तापीकाठच्या माणसांना होडी ठाऊक आहे ती प्रकाशे येथील संगमावरची किंवा हतनूरच्या फुगवट्यावरची, जिथे पाणी सकाळी असते तसेच संध्याकाळीही असते. त्यामुळे होडी तासांवर नव्हे तर भरतीवर भाड्याने घ्यावी लागते, ही गोष्ट मला त्या धक्क्यावर उभे राहीपर्यंत सुचलीच नाही. परत आल्यावर एका कोकणातल्या सहकाऱ्याने त्यांच्याकडचा कोळ्यांचा हिशेब सांगितला: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि त्याआधी सहा तास ओहोटी. खलाशाने मात्र अडीच सांगितले होते. मग हा हिशेब जामनगरला लागू पडतो की नाही, आणि पडत नसेल तर तारीख कशाच्या आधारे निवडावी, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मुलांच्या हट्टातून आलेला आहे. त्यांना ओहोटीत उघडे पडणारे प्रवाळ, समुद्रफुले, समुद्रकाकड्या आणि जमल्यास ऑक्टोपस पाहायचा आहे. मी वाचले आहे की पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते आणि खडक सर्वाधिक उघडा पडतो, परंतु त्याच दिवशी वेळा अशा विचित्र येतात की दिवसाउजेडी जाऊन येणे साधत नाही. या दोहोंचा मेळ घालणारी तिथी कोणती, हे कृपया प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे.

तिसरा प्रश्न आईचा. तिचे गुडघे दुखतात आणि होडीत चढताना गाळातून किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवरून जावे लागते असे दिसते. तिला न्यावे की नाही? तिची स्वतःची इच्छा आहे, आणि दशम्या व ठेचा किती दिवस टिकेल याचा हिशेबही तिने करून ठेवला आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. मूळचा नंदुरबारचा आहे, नोकरीनिमित्त काही वर्षे जामनगरला होतो, पिरोटनला दोनदा जाऊन आलो आहे.

पाऊणपटीचा हिशेब मुंबई-कोकण किनाऱ्याचा आहे. कच्छच्या आखातात भरती तोंडाकडून आत शिरते, त्यामुळे ती ओख्याला आधी, जामनगरच्या बाजूला नंतर आणि नवलखीला त्याहून उशिरा पोहोचते, शिवाय आखात आत अरुंद होत जात असल्याने पाण्याची चढउतारही आतल्या बाजूला वाढते. म्हणून पाऊणपटीत जामनगरसाठी साधारण तासभर मिळवून अंदाज बांधावा आणि अंतिम वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरूनच पक्की करावी. तुमच्या खलाशाचे अडीच बरोबर होते.

तिथीबद्दल माझे मत पंचमी किंवा षष्ठी, पक्ष कोणताही चालेल. त्या दिवसांत पहाटे पाच-सहाच्या भरतीला होडी निघते, जामनगरच्या बेडी बंदरापासून बेट सुमारे २२ किलोमीटर असल्याने दोनेक तासांत पोहोचता येते, अकरा-बाराच्या सुमारास ओहोटी असते आणि संध्याकाळच्या भरतीला परत येता येते. अष्टमीला वेळा आणखी सुटसुटीत वाटतात, पण ती भांगाची भरती असते. पाणी फारसे हटत नाही आणि मुले निराश होतील. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने अष्टमीची परतीची होडीही अंधारात सापडते. उधाण आणि भांग यांच्या मधले हे दोन दिवसच मला कुटुंबासाठी योग्य वाटतात.

एकदा उतरलात की सुमारे सात-आठ तास तुम्ही बेटाचे कैदी आहात, कारण मधल्या वेळात होडी हलू शकत नाही. बेटावर दुकान नाही, पिण्याचे पाणी नाही, चेरांची (खारफुटीची) झाडी असली तरी बसण्याजोगी सावली कमी. माणशी किमान चार लिटर पाणी न्यावे. हा भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे आधी जामनगरच्या वन कार्यालयाची परवानगी हाती घ्यावी आणि मगच होडीवाल्याला आगाऊ द्यावे. बेटावरचा प्रवेश मधूनमधून बंदही ठेवला जातो. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. मुलांना हे घरूनच बजावून न्यावे.

होडीवाल्याला भाड्याआधी विचारावे की नऊ जणांसाठी जीवरक्षक जाकिटे आहेत का, त्यांत मुलांच्या मापाची किती, आणि भाडे एका भरतीचे आहे की जाऊन-येऊन दोन्ही भरतींचे. आमच्या पहिल्या फेरीत हे शेवटचे विचारायचे राहिले होते आणि धक्क्यावर वाद झाला.

आईंबद्दल स्पष्ट सांगतो: पिरोटनला नेऊ नये. त्याऐवजी एक दिवस वाडिनारजवळच्या नरारासाठी राखावा. तिथे होडी लागत नाही, ओहोटीत किनाऱ्यावरूनच खडकावर चालत जाता येते. त्यांना किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवता येईल आणि वाटाड्याकडून जवळच्या डबक्यातला एखादे समुद्रफूल तरी दाखवता येईल. नराराला मात्र उधाणाजवळची तिथी घेतली तरी चालते, कारण तिथे परतीच्या होडीची चिंता नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. षष्ठीला पिरोटन आणि आईसाठी नरारा असे आता ठरले आहे. पिरोटनच्या दिवशी आईसोबत माझी पत्नी जामनगरला थांबेल. आईने विरोध केला नाही, फक्त समुद्र या वेळी जागेवर असेल याची खात्री करून घ्यायला सांगितले. एक शेवटची शंका: गाळात आणि खडकावर पायात काय घालावे? मुलांकडे रबरी चपला आहेत.

प्रतिसाद २ (नंदुरबार)

रबरी चपला गाळात रुतून तिथेच राहतात, माझी एक जोडी अजून बेडीच्या धक्क्याजवळ असावी. नाडीचे जुने कापडी बूट घालावेत आणि परतीसाठी कोरडी जोडी वेगळ्या पिशवीत ठेवावी.