सोलापूर: दोन रात्रींत पाच गोल्डफिश गेले, कारण शोधायला मदत हवी आहे

दोन फूट बाय एक बाय एकची टाकी, पाणी साधारण 50 लिटर. सात गोल्डफिश दीड वर्षापासून छान होते. मंगळवारी पहाटे तीन उलटे तरंगत होते, बुधवारी आणखी दोन. त्यात आमचा शेंदऱ्या गेला, बोट काचेला लावलं की धावत यायचा. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, शेपट्या झडलेल्या नाहीत, कल्ले मात्र आतून लालभडक. उरलेले दोघे वर येऊन आ वासतायत.

आमच्याकडे पाणी चार दिवसांआड सुटतं. या खेपेला ब्लीचिंगचा वास जास्त होता, म्हणून दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवलं आणि रविवारीच टाकीतलं निम्मं पाणी बदललं. फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झाला होता, तोही नळाखाली पिळून पिळून धुतला. खडे उकळत्या पाण्यातून काढले. एअर पंप चालू आहे. दुपारी पाणी 32 अंशांवर जातं. शनिवारी गल्लीत डासांचा धूर मारला होता, खिडक्या बंद होत्या. उन्हाने झालं की धुराने? दोघांना काहीही करून वाचवायचं आहे.

उत्तर: ताई, धुराने गेले असते तर बहुधा त्याच रात्री गेले असते. मला स्पंजच दिसतो. तो बुळबुळीतपणा म्हणजेच माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू. नळाच्या क्लोरीनने स्पंजातले आणि उकळत्या पाण्याने खड्यांवरचे, दोन्हीकडचे मेले. मग सात माशांचा अमोनिया साठत गेला. गरम पाण्यात तो जास्त जहाल होतो आणि ऑक्सिजनही कमी राहतो. अमोनिया आजच तपासा. खाणं दोन दिवस बंद. रोज एक तृतीयांश पाणी बदला, त्यात क्लोरीन मारायचे थेंब घाला. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. नवे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, कुणाच्या जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर लवकर जमेल.

पुन्हा मी: तपासलं, अमोनिया लिटरमागे 2 मिलिग्रॅम निघाला, म्हणजे फारच जास्त. इतकी स्वच्छता केली ती त्यांच्याच जिवावर आली, फार वाईट वाटतंय. आज पाणी बदलल्यावर एक जण खाली उतरून पोहतोय, दुसरा अजून वरच आहे. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर वापरातला स्पंज द्याल का? बदल्यात नवा आणून देते. डबा घेऊन आत्ता निघू शकते.