"आधी तिकीट टाका, मग बघू" हा हेल्पडेस्कचा नियम मोडीत काढावा का?

सरळसोट (धागाकर्ता)

कंपनीतल्या आयटी हेल्पडेस्कबद्दल एक ठाम मत मांडतोय. पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने खोडून काढावं.

तिकीट (अडचणीची लेखी नोंद) नसेल तर मदत नाही, हा नियम बऱ्याच कंपन्यांत दगडावरची रेघ झालाय. काही ठिकाणी फोन बंदच करून टाकलाय, जे काय ते पोर्टलवर. माझं म्हणणं असं की माणसाचं काम अडलेलं असताना तिकीट लिहिणं ही हेल्पडेस्कची जबाबदारी आहे, त्याची नाही. त्याने फोन करावा, चॅटवर लिहावं, नाहीतर सरळ जाऊन सांगावं. नोंद ऐकणाऱ्याने करावी.

पोर्टलवर पहिलाच प्रश्न येतो: प्रकार निवडा. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, अ‍ॅक्सेस, इतर. ज्याचं शेअर्ड फोल्डर उघडत नाही त्याने काय निवडायचं? नेटवर्क गेलं असेल, परवानगी काढली गेली असेल, व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सोय) तुटलं असेल, कालच पासवर्ड बदलला असेल. यातलं नेमकं काय झालंय हे त्याला कळलं असतं तर हेल्पडेस्क लागलाच नसता. मग तो 'इतर' निवडतो आणि तिकीट या टीमकडून त्या टीमकडे टोलवलं जातं. लॉगिनच होत नसेल तर आणखी कठीण. शेजारच्याच्या मशीनवरून तिकीट टाकायचं, म्हणजे ते पडणार शेजाऱ्याच्या नावावर आणि सगळे निरोपही त्यालाच जाणार.

नियमाच्या बाजूने नेहमी आयटीआयएलचं नाव पुढे केलं जातं. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका विभागातून सुरू झालेली ही आयटी सेवा चालवण्याची पद्धत आज सगळीकडे पोचलीय. पण सर्व्हिस डेस्कशी संपर्काच्या मार्गांत ती फोन, चॅट, ईमेल आणि प्रत्यक्ष भेट हे सगळं धरते. नुसतं पोर्टल ठेवा असं तिच्यात कुठेही नाही.

पडद्यामागे

पूर्ण असहमत. मी हेल्पडेस्कला पहिल्या फळीत, म्हणजे एल-वनला काम करतो.

तुम्ही म्हणता तसं दार उघडं ठेवलं की जो समोर येऊन उभा राहतो त्याचं काम आधी होतं. तिकिटाचा प्राधान्यक्रम दोन गोष्टींवर ठरतो: किती लोकांना फटका बसलाय आणि किती तातडीचं आहे. समोरच्याला हेडसेट जोडून हवा असतो, आणि त्याच वेळी रांगेत एका अख्ख्या विभागाचं पगाराचं सॉफ्टवेअर अडकलेलं असतं. तो विभाग माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहत नाही. समोरचा राहतो, आणि त्याला "थांबा" म्हटलं की आमच्या उद्धटपणाची तक्रार वर जाते.

दुसरं, एक उदाहरण नीट बघा. एकाचं अकाउंट लॉक होतं. फोन येतो, मी अनलॉक करतो, अर्ध्या मिनिटाचं काम. जेवणानंतर पुन्हा लॉक, या वेळी फोन माझ्या सहकाऱ्याने घेतला, त्यानेही अनलॉक केलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याने. प्रत्येक फोन "झालं, धन्यवाद" म्हणून संपला, आणि मूळ कारणाला कुणी हातच लावला नाही. नोंद असती तर चौथा माणूस आधीची तिकिटं बघून डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये गेला असता. तिथे इव्हेंट ४७४० (अकाउंट लॉक झाल्याची नोंद) शोधला की कोणत्या मशीनमुळे लॉक होतंय त्याचं नाव बहुतेक वेळा मिळतं. निघतं काय, तर दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडं राहिलेलं जुनं रिमोट सेशन, किंवा जुना पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळाने दार ठोठावणारं फोनमधलं मेल अ‍ॅप. ते एकदा काढलं की प्रश्न कायमचा मिटतो. इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम हे दोन वेगळे धरतात ते यासाठीच: पहिल्यात काम सुरू करून द्यायचं, दुसऱ्यात कारण शोधायचं. नोंदीशिवाय दुसरं होतच नाही.

शिवाय जे तिकिटात नाही ते काम झालंच नाही, असं वर धरतात. मग माणसं कमी केली जातात.

लेजर

मी लेखा विभागात आहे. धागाकर्त्याशी सहमत.

महिनाअखेरीला दोन तास सिस्टम बंद राहिली तर आमच्यावर काय येतं हे पोर्टलच्या 'मध्यम' या पर्यायात मावत नाही. फोनवर ते आवाजातूनच कळतं, आणि अनुभवी माणूस दोन प्रश्नांत नेमकी अडचण ओळखतो.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली; मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जवळपास ८५ लाख. ज्यांची मशीन आपोआप सावरली नाहीत त्यांना सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची फाइल काढावी लागली, आणि डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की. सहा-सहा अंकांचे आठ गट फोनवर एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे. ज्याचा लॅपटॉपच बंद आहे तो पोर्टलवर काय लिहिणार? त्या दिवशी कामाला आला तो फोन आणि पलीकडचा शांत आवाज. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. म्हणून तर म्हणते, त्यांना आमच्याशी बोलू द्या.

कुलूपकिल्ली

फोनचं कौतुक चाललंय म्हणून सुरक्षेच्या बाजूने लिहितो. जुलै २०२० मध्ये ट्विटरवर नामवंतांच्या खात्यांतून बिटकॉइनची फसवी आवाहनं गेली. त्याची सुरुवात फोनपासून झाली होती. हल्लेखोरांनी कर्मचाऱ्यांना फोन करून आपण आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय असं भासवलं, व्हीपीएनच्या अडचणीचं निमित्त सांगितलं आणि खोट्या पानावर लॉगिन करायला लावलं. त्या काळात सगळे घरून काम करत होते, व्हीपीएनच्या तक्रारी रोजच्याच होत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही.

उलटंही होतं. कर्मचारी असल्याचं सांगून हेल्पडेस्कला फोन येतो: फोन हरवलाय, पाच मिनिटांत मीटिंग आहे, नवीन मोबाइलवर ओटीपी सुरू करून द्या. पलीकडच्याला नाव, पद, वरिष्ठाचं नाव सगळं माहीत असतं. मदत करायला उत्सुक असलेला माणूस तिथेच फसतो. 'कसं करायचं' हे विचारायला फोन जरूर असावा. पासवर्ड किंवा दुसऱ्या टप्प्याची पडताळणी रीसेट करायला नुसता फोन कधीच पुरेसा धरू नये.

सरळसोट

@कुलूपकिल्ली, धोका मान्य. पण त्यावर उपाय तिकीट नाही. कुणाची मेलपेटी हल्लेखोराच्या हातात असेल तर तिथून तिकीटही टाकता येतं. संरक्षण मिळतं ते उलट फोन करण्यातून: कंपनीच्या नोंदीत असलेल्या नंबरवर हेल्पडेस्कने स्वतः फोन लावायचा, नाहीतर वरिष्ठाकडून खात्री करायची. हे तिकीट असो वा नसो, करावंच लागतं.

@पडद्यामागे, लॉक झालेल्या अकाउंटचं तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कर्मचाऱ्याने स्वतः तिकीट टाकलं असतं तर लिहिलं असतं "लॉगिन होत नाही". तुम्ही लिहिलंत तर "सकाळीही लॉक झालं होतं, मोबाइल बदललाय" असं लिहाल. कोणती नोंद पुढच्याच्या कामाची?

पडद्यामागे

नोंद चांगली होईल, हे खरं. पण ती लिहायला वेळ कुठून आणायचा तेही सांगा. आमच्या कामाचं माप एका फोनला किती मिनिटं लागली यावर होतं. पुढचा फोन वाजत असताना नोंदीला फाटाच मिळतो. फोनच्या मिनिटांचं हे माप काढून टाकणार असाल तर मी तुमच्या बाजूला येतो. ते ठेवून वर लिखाणही आमच्यावर टाकणार असाल तर नाही.

आणि फोन मुळात कमी करायचे असतील तर दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती थांबवा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. तरी सक्ती चालूच आहे. कुणी घरी बसून पासवर्ड बदलला की लॅपटॉप जुनाच पासवर्ड धरून बसतो आणि फोन आम्हाला.

रात्रपाळी

इथे सगळे एकाच वेळी, एकाच इमारतीत काम करणाऱ्यांचं बोलताय. मी वेगळ्या पाळीत, दुसऱ्या शहरातून काम करते. 'जाऊन सांगा' हा पर्याय मला नाहीच. पोर्टल काढलंत तर मुख्यालयात बसणाऱ्यांची चंगळ आणि आम्ही रांगेच्या शेवटी. त्या बाबतीत मी पडद्यामागेंच्या बाजूची.

पण पोर्टलवर जे चालतं त्याबद्दलही बोला. मी झोपलेली असताना एका ओळीचा प्रश्न येतो, "अजून अडचण आहे का?" तिकीट लगेच 'वापरकर्त्याची प्रतीक्षा' या स्थितीत जातं आणि एसएलएचं (तिकीट किती वेळात सोडवायचं त्या ठरलेल्या मुदतीचं) घड्याळ थांबतं. मी उत्तर देते तेव्हा विचारणारा घरी गेलेला असतो. मध्ये साप्ताहिक सुट्टी आली की तिकीट आपोआप बंद. अहवालात ते 'वेळेत सोडवलं' म्हणून मोजलं जातं आणि माझं स्कॅनिंग तसंच अडलेलं राहतं. तिकीट कुणी लिहायचं यावर तुम्ही इतकं भांडताय, माझा प्रश्न ते बंद कोणी करायचं हा आहे. ते बटण ज्याचं काम अडलं होतं त्याच्याच हातात हवं.

पडद्यामागे

@रात्रपाळी, घड्याळ थांबवायला नुसता प्रश्न विचारायचा, ही चलाखी मीही बघितलीय आणि ती चुकीचीच आहे. पण बंद करण्याचं बटण पूर्ण तुमच्याकडे देता येणार नाही. काम झाल्यावर बरेच लोक उत्तरच देत नाहीत, आणि सुटलेली तिकिटं रांगेत पडून राहिली की खरी अडलेली त्यात दिसेनाशी होतात. मला पटतं ते एवढंच: बंद करण्याआधी तुमच्या पाळीच्या वेळेत एक फोन, आणि बंद झाल्यावरही ठरावीक मुदतीत तेच तिकीट, त्याच क्रमांकाने, पुन्हा उघडण्याची सोय.

रात्रपाळी

पुन्हा उघडलेलं तिकीट 'वेळेत सोडवलं' मधून वगळणार असाल तर चालेल.