नवीन सिमही गंडलेलं निघालं, आता गॅलरीवाल्यांशी कसं बोलायचं?

कुंदा_चिपळूण:
सासऱ्यांच्या फोनवर सारखं ‘सिम नाही’ दिसायचं. बंद करून चालू केला की तासभर बरा. सिम बदलून घ्यायला मोबाइल कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) गेले. नंबर त्यांच्याच नावावर, म्हणून ‘आजोबांनाच घेऊन या’. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. रिक्षातून नेलं. अंगठा उमटेना. जन्मभर चिऱ्याच्या खाणीवर राबलेला माणूस, बोटांवर रेघा राहिल्यात कुठे! मग फोटोवाली केवायसी. ‘आजोबा, डोळे मिचकवा.’ आजोबांनी एकच डोळा मिचकवला. काउंटरवरची मुलगी हसली, आमचे मामंजी नाही हसले.

सिमचे पैसे घेतले, पावती मागितली तर ‘मेसेज येईल’. आता फोन लागतात, पण बँकेचा ओटीपी कालपासून एकही नाही. वर संध्याकाळी पुन्हा ‘सिम नाही’! गॅलरीवाले म्हणतात, हँडसेटच खराब आहे, नवीन घ्या. कस्टमर केअरवाले बटणं दाबायला लावतात आणि शेवटी गाणं ऐकवतात. पुन्हा पैसे मागतील का? की सरळ दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू?

दुकानवाला_कराड:
ताई, दोन वेगळ्या भानगडी एकत्र आल्यात. ओटीपीचं आधी सांगतो. सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस येणं-जाणं बंद असतं. नियमच आहे तसा, कुणी परस्पर तुमच्या नंबरचं सिम काढून खातं धुऊन नेऊ नये म्हणून. चांगला नियम आहे, पण काउंटरवर दोन शब्द सांगायला यांची जीभ जड होते. मग माणसाला वाटतं, नवीन सिमपण गेलं.

‘सिम नाही’ मात्र खरा दोष. तो सिमचा की फोनचा, ते घरीच ठरवा. हे सिम दुसऱ्या फोनात टाका आणि दुसरं चालतं सिम मामंजींच्या फोनात. त्याआधी ट्रेमधली धूळ फुंका, सिमची सोनेरी बाजू कोरड्या सुती कापडाने पुसा. दुसऱ्या फोनातही हेच झालं, तर हँडसेटचं कारण कुणी पुढे करू शकत नाही. दोन्ही फोनांच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

पोर्ट आत्ता होणारच नाही. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर 7 दिवस पोर्टचा कोड देत नाहीत. आणि कोडसाठी 1900 वर मेसेज त्याच नंबरावरून जावा लागतो. सिमच मेलेलं असेल तर पाठवणार कुठून?

पेन्शनर_नागपूर:
गॅलरीत तोंडी भांडून काही होत नाही जी. 198 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्या क्रमांकाशिवाय तुमची तक्रार म्हणजे हवेतल्या गप्पा. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करायचं. फी नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. लोक ‘अपील’ म्हटलं की वकील शोधून राह्यले, वकील लागत नाही.

तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तक्रारी तिथं चालत नाहीत, असं सांगून लोकांना वर्षानुवर्षं परत पाठवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालतात म्हणून निकाल दिला. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. पण एका सिमसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. क्रमांक असला की यांचा सूर बदलतो.

कुंदा_चिपळूण:
नणंदेच्या फोनात टाकून पाहिलं, तिथेही अर्ध्या तासात ‘सिम नाही’. तिचं सिम मामंजींच्या फोनात मस्त चाललंय. ओटीपी दुपारी भसाभसा आले, सगळे शिळे! 198 वर तक्रार क्रमांक मिळाला. गॅलरीत तो सांगितल्यावर ‘या, बदलून देतो, पैसे नकोत’. पण आजोबा हवेतच म्हणतात.

दुकानवाला_कराड:
केवायसी नव्याने होणार, त्याला इलाज नाही. गर्दी नसेल ती वेळ विचारून मगच न्या. सिमच्या मागचा 8991 ने सुरू होणारा लांब आकडा लिहून ठेवा, जुन्याचाही आणि नव्याचाही. नवीन सिम तिथेच त्यांच्या फोनात टाकून एक फोन करून बघा, मगच उठा. आणि पुन्हा 24 तास एसएमएस बंद राहतील, तेव्हा बँकेचं जे काही आहे ते आजच उरकून घ्या.