मॅनेजर व्हायचंय, पण ठाण्यातच?

बी.कॉम. झालेल्या भाच्याला ठाण्यातच राहून बँक मॅनेजर व्हायचंय, एमबीए करावं का, असं एकांनी विचारलंय. एमबीएची गरज नाही. कुठलीही पदवी आणि वय २० ते ३० असलं की आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेची पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे सुरुवातीचं अधिकारीपद) परीक्षा देता येते. राखीव प्रवर्गांना वयात सूट आहे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे ठोकू नये.

ठाण्याचा हट्ट मात्र सोडायला सांगा. सरकारी बँकेत अधिकाऱ्याची बदली देशात कुठेही होते. लहान गावातली शाखा मिळाली तर उलट चांगलंच. पीककर्ज, सोनेतारण, थकबाकीदाराच्या दारात जाऊन बसणं, सगळं हाताखालून जातं.

मी वाशीत मार्केटजवळच्या शाखेत होतो. संध्याकाळी व्यापाऱ्यांची रोकड यायची. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे. हिशेब जुळून ती बंद होईपर्यंत दोघांनीही हलायचं नाही. शंभराची एक नोट कमी भरली की पुन्हा सगळी बंडलं मोजा! ठाणे लोकल गेली तर गेली. (घरचे टोमणे वेगळे.)

नोकरी लागली की जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा लग्नाआधी उरकून टाक म्हणावं. वेतनवाढ मिळते, नंतर अभ्यासाला वेळ मिळत नाही.