मॅक्स आयडीत एक मिळवून प्रायमरी की बनवतोय, गर्दी झाली की डुप्लिकेट एरर येतो

घाटवाट:
नमस्कार मंडळी. बिलिंगचं ॲप आहे, जावा, स्प्रिंग बूट, हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट टेबलात टाकणारी लायब्ररी) आणि खाली मायएसक्यूएल ८ डेटाबेस. दुकानात तीन काउंटर, शिवाय सेल्समनच्या मोबाईलवर ऑर्डर घ्यायचं ॲप, ते खेड्यात रेंज नसली तरी चालायला हवं. आधीच्या टीमने सगळ्या टेबलांचे आयडी कोडमध्येच बनवलेत, म्हणजे आधी सिलेक्ट मॅक्स आयडी, त्यात एक मिळवायचा आणि इन्सर्ट. एरवी बरं चालतं, पण संध्याकाळी गर्दीत प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, आमच्याकडे तो आयडीच) डुप्लिकेट असल्याचा एरर येतो आणि बिल अडकतं, गिऱ्हाईक समोर उभं. टीममधला एक जण म्हणतो मेथडला सिंक्रोनाइज्ड लाव म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत जाईल, दुसरा म्हणतो सगळीकडे यूयूआयडी कर, म्हणजे डेटाबेसला न विचारता कुठेही बनवता येणारा लांबलचक युनिक आयडी. आयडी आधी हवा कारण बिलाखालच्या आयटमच्या ओळींमध्ये तो टाकावा लागतो. काय करावं?

जुनाजाणता:
सिंक्रोनाइज्ड अजिबात नको. ते लॉक फक्त एका जेव्हीएमपुरतं, म्हणजे जावाच्या एका चालू प्रोसेसपुरतं असतं, उद्या दुसरा सर्व्हर लावला की संपलं. आणि एकच सर्व्हर असला तरी गोची आहे, त्याच मेथडवर ट्रान्झॅक्शनल पण असेल तर मेथड संपताना लॉक सुटतं आणि कमिट, म्हणजे डेटा पक्का होणं, त्यानंतर होतं, कारण ट्रान्झॅक्शन स्प्रिंगचा प्रॉक्सी (मेथडभोवतीचं आवरण) बाहेरून चालवतो, तेवढ्या फटीत दुसरा थ्रेड येऊन जुनाच मॅक्स वाचतो. म्हणजे एरर कमी होईल पण जाणार नाही, आणि असे क्वचित येणारे एरर शोधायला फार जड जातात.

मॅक्स अधिक एकचा दुसरा धोका लोक विसरतात. शेवटची ओळ डिलीट केली की तोच आयडी नव्या बिलाला मिळतो, आणि जुन्या लॉगमध्ये किंवा एक्सेलमध्ये तो आयडी कुठे उतरवलेला असेल तर तो आता भलत्याच गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो.

आयडी आधी हवा हे मला पटत नाही. कॉलम ऑटो इन्क्रिमेंट करा म्हणजे पुढचा नंबर डेटाबेसच देईल, एंटिटीत (टेबलाच्या जावा क्लासमध्ये) स्ट्रॅटेजी आयडेंटिटी ठेवा आणि बिल व आयटम यांचं नातं नीट मॅप करा, हायबरनेट आधी बिल टाकतो, आलेला आयडी घेतो आणि मग आयटमच्या ओळीत भरतो. हाताने एसक्यूएल लिहीत असाल तर लास्ट इन्सर्ट आयडी आहे, तो कनेक्शनपुरता असतो, शेजारच्या काउंटरचा आयडी तुम्हाला येत नाही. किंमत एकच, आयडेंटिटी असली की हायबरनेट त्या इन्सर्टचं बॅचिंग (अनेक इन्सर्ट एकत्र पाठवणं) बंद करतो. तुमच्या बिलांना त्याने काही फरक पडणार नाही.

कॉलम बदलताना बिगइंट घ्या, साधा इंट २१४७४८३६४७ ला संपतो. आणि आधी कॉपीवर करून बघा, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाच्या आयडीशी जोडणी) लावलेल्या असतील तर मायएसक्यूएल कॉलम बदलू देत नाही, त्या काढून परत लावाव्या लागतात.

रानवाटा:
वरच्या भाऊंशी सहमत, पण मोबाईलचं राहिलं. रेंज नसताना फोन डेटाबेसला विचारणार कसा, तिथे आयडी फोनवरच बनला पाहिजे आणि तिथे यूयूआयडीच योग्य. मोठा फायदा म्हणजे रिट्राय. ऑर्डर सर्व्हरला पोचली पण उत्तर येईपर्यंत रेंज गेली, फोन तीच ऑर्डर परत पाठवतो, आयडी तोच असल्यामुळे दुसऱ्यांदा ती टेबलात शिरतच नाही. सर्व्हरने आयडी दिला असता तर दोन ऑर्डर झाल्या असत्या.

फक्त व्हर्जन ४ घेऊ नका, ७ घ्या. जावाचं रँडम यूयूआयडी ४ देतं म्हणून ७ साठी लायब्ररी लागेल. ४ मध्ये १२२ बिट निव्वळ रँडम असतात, आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने साठवतो, त्यामुळे प्रत्येक नवी ओळ कुठेतरी मधेच घुसते, पेजेस (साठवणीचे ठोकळे) फुटतात, टेबल मोठं झालं की इन्सर्ट रखडतात. ७ च्या सुरुवातीला ४८ बिट मिलिसेकंदांची वेळ असते म्हणून नव्या ओळी साधारण शेवटीच लागतात. २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकामध्ये ते अधिकृत झालंय. फोनचं घड्याळ चुकीचं असलं तरी फक्त क्रम बिघडेल, उरलेले रँडम बिट टक्कर होऊ देत नाहीत. आणि साठवताना बायनरी १६ मध्ये साठवा, ३६ अक्षरांची स्ट्रिंग नको, कारण इनोडीबीत प्रत्येक सेकंडरी इंडेक्समध्ये (इतर कॉलमवरच्या शोधसूचीमध्ये) प्रायमरी कीची कॉपी जाते. वेळ आणि थोडा रँडम आकडा जोडून स्वतःचा फॉर्म्युला मात्र कृपया करू नका.

घाटवाट:
खूप आभार दोघांचे. एक अडचण, बिलावर छापतो तो नंबर म्हणजे हाच आयडी आहे आणि सीए म्हणतात नंबर सलग हवेत. ऑटो इन्क्रिमेंटमध्ये गॅप पडतात ना?

जुनाजाणता:
पडतात आणि पडणारच. इन्सर्ट रोलबॅक झाला, म्हणजे मागे फिरवला गेला, तरी घेतलेला नंबर परत जात नाही, दवाखान्यात टोकन घेऊन माणूस निघून गेला तर ते टोकन पुढच्याला देत नाहीत तसंच. म्हणूनच बिल नंबर आणि प्रायमरी की वेगळ्या करा, सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात युनिक लागतो, पण एकापेक्षा जास्त सिरीज चालतात. म्हणजे प्रत्येक काउंटरला स्वतःची सिरीज द्या.

एक छोटं टेबल करा, सिरीज, आर्थिक वर्ष आणि शेवटचा नंबर. बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीला अपडेट करून एक वाढवा आणि तो नंबर बिलावर घाला. कमिट होईपर्यंत ती ओळ लॉक राहते, रोलबॅक झाला तर नंबरही मागे जातो, म्हणून गॅप नाही. हे काम ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी करा, नाहीतर प्रिंटरची वाट बघत लॉक धरून बसाल. बिल टेबलावर सिरीज, वर्ष आणि नंबर या तिघांचं मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावाच, म्हणजे तीच जोडी दोनदा शिरणार नाही. आणि १ एप्रिलच्या ओळी मार्चमध्येच टाकून ठेवा, नव्या वर्षाचं पहिलं बिल फाडताना ओळच नाही असं व्हायला नको.